करवंदीचं विरजण

आण्णांनी मेन स्विचच्या पेटीला कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल चिकटवायला गेले, ते पडलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा पडलं.

"वैजू, जरा पाणी लाव गं फुलाला."

"आण्णा, विजेच्या पेटीला पाणी लावतात होय?"

"मग तूच चिकटव. तुझीच पेटी आहे."

पेटी खरंच माझी होती. आठच दिवसांपूर्वी मी जुन्या वायरी, जुने खटके, सोडा कारखान्याच्या काळातलं ते सगळं लटांबर काढून टाकलं होतं आणि ही नवी, करड्या रंगाची, कपाटाएवढी पेटी बसवून घेतली होती. एक स्विच ओढला की सगळं बंद, एक स्विच ओढला की सगळं चालू. मला तिचा इतका अभिमान होता की आलेल्या पाहुण्यांना मी आधी पेटी दाखवायचे, मग बसायला सांगायचे.

खंडेनवमीचा दिवस. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. कोल्हापुरात आमचा गोटी सोड्याचा कारखाना होता तेव्हा आण्णा गॅस भरायच्या यंत्राला हार घालायचे, मेन स्विच ओढायचे, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून येईपर्यंत कुणी यंत्राला हात लावायचा नाही. वर्षभर राबतंय बिचारं, दोन दिवस झोपू दे, असं त्यांचं म्हणणं. पुढं सोड्याचा कारखाना गेला, त्याच जागेत आम्ही बिअर गाळायला आणि प्यायला द्यायला लागलो, पण नियम तोच राहिला. नवमी आणि दसरा दोन दिवस दार बंद, यंत्रं बंद, आणि आम्ही सगळे गावाकडं.

"सगळं ह्या एकाच पेटीत आलं न्हवं?" आण्णांनी स्विचवर हात ठेवून विचारलं.

"होय आण्णा, सगळं."

"मग करू बंद?"

"करा की!" मी म्हणाले. माझं एक पाऊल गाडीत होतं.

खट्. पंखे थांबले, पंप थांबले, मागची घरघर थांबली. इतकी शांतता पसरली की आईनं नारळ फोडला तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. ती घरघर कशाची होती हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं नाही. येतंय कुठलं! मी वैजयंती नलवडे, मायक्रोबायोलॉजीत पहिल्या वर्गात पहिली आलेली. तेव्हा माझं वय एकतीस होतं आणि मी चुकू शकते ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. म्हणजे आई सांगायची, पण आईचं कोण ऐकतं?

आमच्या बिअरची जन्मकथा आधी सांगायला हवी, नाहीतर माझं काय गेलं ते कळायचं नाही.

आईनं एका मे महिन्यात करवंदाचं सरबत करायला चिनी मातीच्या बरणीत करवंदं आणि गूळ घातला, तोंडाला पातळाचं फडकं बांधलं आणि बरणी माडीवर विसरून गेली. पंधरा दिवसांनी वर गेली तर फडकं फुगून टोपीसारखं झालेलं. ती टाकून द्यायला निघाली होती. आण्णांनी अडवलं. बरणीला कान लावून ते पाच मिनिटं उभे राहिले आणि ओरडले, "शालन! ह्यात गॅस आपला आपण होतोय!" चाळीस वर्षं सिलिंडर विकत घेऊन बाटल्यांत गॅस भरलेल्या माणसाला तो फुकटचा गॅस बघून कसं झालं असेल, तुम्हीच सांगा.

मी त्या बरणीतलं पाणी कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. त्यात एक यीस्ट नव्हतं, तीन-चार जातींचं अख्खं कुटुंब होतं. ते माल्टच्या काढ्यात सोडलं तर जी बिअर झाली तिला मागून करवंदाच्या सालीसारखी बारीक तुरट-आंबट चव यायची. करवंदं एकही न घालता! तीच आमची करवंदी. बाकीच्या चार बिअर कुठंही मिळतील अशाच होत्या. लोक सांगली-बेळगावहून यायचे ते करवंदीसाठी.

आई स्वतः पीत नसे. करंगळी बुडवायची, जिभेला लावायची आणि सांगायची, झालीय किंवा नाही झाली. ती यीस्टला यीस्ट म्हणत नसे, विरजण म्हणायची. एका टाकीतलं थोडं काढून ठेवायचं, पुढच्या टाकीला लावायचं, दह्यासारखंच. पहिली काही वर्षं ते तिच्याच बरणीत राहिलं. मग मी ते शिस्तीत स्टीलच्या कॅनमध्ये भरलं आणि थंड खोलीत ठेवलं. शिवाय नमुने म्हणून सहा परीक्षानळ्या भरल्या. त्याही थंड खोलीतच.

थंड खोलीचा स्विच पूर्वी वेगळा होता. मागं, भांडी घासायच्या मोरीजवळ. खंडेनवमीला आण्णा तो कधी बंद करत नसत.

आता त्या घरघरीचं कळलं?

दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही गावाहून आलो. आण्णांनी पेटीला आपट्याचं पान वाहिलं आणि स्विच वर केला. पंखे फिरले. मागून घरघर सुरू झाली, आणि ती इतका वेळ बंद होती हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. मी पळतच मागं गेले. थंड खोलीचं दार उघडलं तर आतून ऊन वारा आला. ऑक्टोबरचा उकाडा, बंद खोली, दीड दिवस, आणि बरणीसारखं हवा खेळणारं फडकं नाही, घट्ट झाकणं. मी पहिल्या कॅनचं झाकण फिरवलं तर ते हातातून उडालंच. आतून वास आला तो शिळ्या मटणाच्या रश्श्याचा. दुसऱ्यातही तोच. नळ्यांतलं सगळं पिवळं पडून खाली बसलेलं. बाहेरच्या टाकीत करवंदीची एक खेप आंबत होती, ती तापून व्हिनेगर झाली होती.

आई माझ्यामागं दारात येऊन उभी राहिली. तिला झाकण उघडून बघायची गरज नव्हती.

"मेलं," ती म्हणाली.

आण्णा हळूहळू आले. "काय झालं?"

"काही नाही, मशीन जरा…" मी म्हणाले.

"मी बंद केलं," आण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझ्या हातानं बंद केलं की गं मी."

"तुम्ही मला विचारून केलंत. मी करा म्हणाले." हे मी बोलले तेवढं त्या दिवसातलं एकच काम बरं झालं.

रडले मी. पण दहाच मिनिटं. मग तोंड धुऊन कामाला लागले. गिऱ्हाइकांना द्यायच्या पिंपांत जुनी करवंदी होती, बारा-पंधरा दिवस पुरेल एवढी. तिच्या तळाशी थोडं यीस्ट जिवंत असणार. ते काढलं, काचेच्या बशीत वाढवलं, छोट्या भांड्यात काढ्याला लावलं. आठव्या दिवशी बिअर तयार. रंग तोच, फेस तोच. मी आईपुढं ग्लास धरला.

आईनं करंगळी बुडवली, जिभेला लावली. "बिअर झालीय," ती म्हणाली. "करवंदी नाही."

मला माहीत होतं. त्या कुटुंबातला जो दांडगा होता तो एकटाच वाढला होता. चव आणणारे बाकीचे किडकिडे मागंच मेले होते. नवी करवंदं आणावीत तर मे महिना सात महिने लांब. आणि बरण्या कितीही भरल्या तरी तेच कुटुंब पुन्हा जमेल याची खात्री कोण देणार?

म्हणजे करवंदी संपली होती. आणि ती संपली की आमच्यात आणि शहरातल्या बाकीच्यांत फरक एवढाच, की आमच्या भिंतीवर जुन्या सोड्याच्या बाटल्या टांगलेल्या होत्या.

पण जगात एक जागा होती जिथं ते विरजण होतं. ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते आमच्याकडून चोरलेलं होतं.

बजरंग कुरणे. आण्णांच्या सोडा कारखान्यात तो बाटल्या भरायचा. आम्ही बिअरमध्ये पडलो तेव्हा माझ्याबरोबर सगळं शिकला. काढा उकळणं, टाक्या धुणं, विरजण लावणं. सहा वर्षं त्यानं आमच्याकडं काढली आणि मग एके दिवशी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, म्हणाला, "ताई, मी स्वतःचं टाकायचं म्हणतोय." माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "जा की! पण इथली काडीसुद्धा न्यायची नाही." तो मान खाली घालून गेला.

सहा महिन्यांनी त्याचं 'अंगण' सुरू झालं, रंकाळ्याच्या पलीकडच्या अंगाला. आईनं बळंच पाठवलं म्हणून मी उद्घाटनाला गेले. त्यानं स्वतः ग्लास आणून दिला. एक घोट घेतला आणि मला मागून करवंदाची साल लागली. मी उभी राहिले. अठरा टेबलं भरलेली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माणूस चोर आहे. ज्या घरचं खाल्लं त्या घरचं विरजण चोरून ह्यानं हे दुकान मांडलंय."

तो ट्रे हातात धरून उभा होता. एक शब्द बोलला नाही. बोलणार काय, असं मला वाटलं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"मी बजरंगाकडं जाते," मी आईला म्हणाले.

आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. "मागायला का भांडायला?"

"माझंच आहे ते. माझं मागायला लाज कसली?"

ती काहीतरी बोलणार होती. मग नुसतीच उठली, फडताळातून पितळी कडीचा डबा काढला, त्यात तांदूळ घातले, वर गुळाचा खडा ठेवला. "विरजण आणायला रिकामं भांडं नेत नाहीत," म्हणाली. मला घाई होती. मी डबा उचलला आणि निघाले.

दुपारची वेळ, 'अंगण' नुकतंच उघडत होतं. बजरंग स्वतः खुर्च्या खाली काढत होता. थोडा जाड झाला होता. मला बघून त्याच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"ताई?"

"आमचं विरजण गेलं," मी बसायच्या आधीच म्हणाले. "थंड खोली बंद पडली. तुझ्याकडं जे आहे त्यातलं मला परत पाहिजे."

"कसं काय बंद पडली?"

"खंडेनवमीला."

त्याला सगळं कळलं. सहा खंडेनवम्या त्यानं आमच्याकडं बघितल्या होत्या. "आण्णांनी मोरीजवळचा स्विचपण ओढला?"

"मोरीजवळ आता स्विच नाही. मी सगळं एका पेटीत घेतलं."

"अरारा," तो म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला, आणि त्याचाच मला राग आला.

"वाईट नंतर वाटून घे. देणार का नाही ते सांग."

त्यानं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. "काकूंनी भरून दिलाय?"

"होय."

"आणि काय सांगून पाठवलंय काकूंनी?"

"काही नाही. त्यांनी काय सांगायचं?"

तो हसला. मग खुर्ची खाली ठेवून त्याच खुर्चीवर बसला. "ताई, विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. मीपण म्हणणार नाही. पण चोराच्या हातनं कशाला नेताय?"

"चोराच्या उलट्या बोंबा! मीच ऐकून घेऊ का आता?"

"माझ्याकडून नकाच ऐकू. घरी जावा. काकूंना विचारा, बजरंगाकडं ती बरणी आली कशी. मग या. सकाळी या, संध्याकाळी या. बरणी कुठं पळून जात नाही."

"बरणी?" मी म्हणाले. "कसली बरणी?"

"जावा तुम्ही घरी," तो म्हणाला आणि पुढची खुर्ची उचलायला लागला.

तांदूळ-गुळाचा डबा तसाच घेऊन मी परत आले. आई तिथंच बसली होती, शेंगा संपल्या होत्या तरी.

"आई, तुझी माडीवरची करवंदाची बरणी कुठाय?"

"बजरंगाकडं," ती म्हणाली.

"चोरली त्यानं?"

"मी दिली."

मी डबा खाली ठेवून तिच्यासमोर बसले.

"तो निघाला त्या दिवशी मागच्या दारानं मला पाया पडायला आला होता," आई सांगायला लागली. "बरणीत उरलेलं विरजण मी गुळाच्या पाण्यावर जगवलं होतं, ती बरणीच पुढं केली. त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, काकू, ताई म्हणाल्यात काडीसुद्धा न्यायची नाही. मी म्हटलं, बरणी माझी, करवंदं माझी, फडकं माझ्या पातळाचं. ताई कोण लागून गेली? सहा वर्षं ह्या घरात राबलेला माणूस नवी चूल मांडायला निघालाय, त्याला विरजण द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं?"

"त्याच्या दुकानाला? आपल्यासमोर उभं राहणाऱ्या दुकानाला?"

"विरजण काय दुकान बघून देतात? माझ्या आईचं दही गावात अकरा घरांत होतं. आमची म्हैस आटली की आम्ही शेजारून वाटीभर आणायचो, पुन्हा तेच दही. एकाच घरात ठेवलेलं विरजण एक दिवस मरतंच, वैजू. कुणीतरी मारतंच."

कुणीतरी म्हणजे कोण, ते तिनं सांगितलं नाही. तेवढी दया केली.

"मग मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं! मी अठरा टेबलांसमोर त्याला…"

"तू विचारलंस कधी?" आईचा आवाज चढला. "उद्घाटनाहून आलीस ती सांगतच आलीस, बजरंगानं चोरलं, बजरंगानं चोरलं. मी म्हटलं, अगं ऐक. तू म्हणालीस, मला काही ऐकायचं नाही, त्याचं नाव ह्या घरात काढायचं नाही. आठ दिवस धड जेवली नाहीस. तरी मी बजरंगाला निरोप धाडला, की मी सांगते तिला. त्याचा उलटा निरोप आला, काकू नको. मला चोर म्हणतायत तोवर ठीक आहे. ताई तुमच्याशी बोलायच्या बंद झाल्या तर आण्णांनी ह्या वयात कुणाकडं बघायचं?"

मी खाली पडलेली शेंगांची टरफलं गोळा करायला लागले.

"आणि मी ऐकलं त्याचं," आई म्हणाली. तिनं पदरानं डोळे टिपले. "मला ते सोयीचं होतं. तुझ्या रागाची मला भीती वाटते गं. तुझी आई असून वाटते. चोर सोडून संन्याशाला सुळी दिलंस तू, आणि मी दोरी धरून उभी राहिले. ते माझं चुकलं. तीन वर्षं टोचतंय मला."

आई मला घाबरते हे मला माहीत नव्हतं. करवंदी गेली त्यापेक्षा ते जास्त लागलं. मी तिच्याजवळ सरकले, तिचा हात धरला. मग मी डबा उचलला.

"कुठं निघालीस?"

"मागायला," मी म्हणाले. "पण आज नाही. रविवारी दुपारी. टेबलं भरलेली असतात तेव्हा."

"मीपण येते," आई म्हणाली. "माझाही वाटा आहे त्यात."

रविवारी आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं. सबंध रिक्षात ती मला सूचना देत होती. थोडक्यात बोल. रडू नकोस. हात हलवू नकोस, तू हात हलवलेस की भांडल्यासारखी दिसतेस. 'अंगण' गच्च भरलं होतं. खर्डा-भाकरीचा, तळलेल्या मासळीचा वास सुटला होता. इरकल नेसलेली बाई डबा घेऊन आत आलेली बघून चार-दोन माना वळल्या. बजरंग काउंटरमागून पुढं आला.

"काकू, तुम्ही कशाला? मी आलो असतो की…"

"तू थांब," आई म्हणाली. "तिला बोलू दे."

मी मधोमध जाऊन उभी राहिले. आवाज माझा मूळचाच मोठा, तो कामी आला.

"जरा ऐका. मी वैजयंती नलवडे. तीन वर्षांपूर्वी इथंच उभी राहून मी बजरंग कुरणेंना चोर म्हणाले होते. ते खोटं होतं. विरजण माझ्या आईनं त्यांना दिलं होतं, स्वतःच्या हातानं. हे मला काल-परवा कळलं. मी विचारायच्या आधीच बोलले. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते." आणि मग, ठरवलं नव्हतं तरी, हात जोडून म्हणाले, "आमच्याकडचं विरजण मी माझ्या शहाणपणानं मारलं. आज मी ते मागायला आलेय."

बजरंग खाली बघत होता.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून एक मिशाळ गृहस्थ उभे राहिले. "म्हणजे ही चोरीची नव्हे?" त्यांनी आपला ग्लास वर धरला.

"नाही," मी म्हणाले.

"हात्तिच्या! आम्ही तीन वर्षं चोरीचा माल म्हणून प्यायला येतोय. आमच्यात हिचं नावच चोरटी आहे!"

सगळं 'अंगण' हसायला लागलं. "एक चोरटी आण" असं तिथं रोज म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या त्या भाषणानं बजरंगाची जेवढी जाहिरात झाली होती तेवढी त्यानं स्वतः केलेल्या कशानं झाली नव्हती. माणसानं भाषणं कुठं करावीत याचा विचार करावा, एवढंच म्हणते.

"ताई," बजरंग डोळे पुसत म्हणाला, "आता सावाचा माल म्हणून कोण पिणार? धंदा बुडवलात माझा."

तो आत गेला आणि बरणी घेऊन आला. तीच. कानाला टवका उडालेली, तोंडाला आईच्या हिरव्या पातळाचं फडकं, आता विटून पोपटी झालेलं. आईनं गाठ सोडली. फडक्याखालून तो वास आला, आंबट, तुरट, गुळचट. आमच्या माडीचा वास. मला रिक्षात रडू नको म्हणून बजावलेली बाई स्वतःच रडायला लागली.

"दर अमावास्येला गुळाचं पाणी घालतो, तुम्ही सांगितलं होतं तसं," बजरंग तिला म्हणाला. "एकदा चुकली नाही."

आईनं करंगळी बुडवली, जिभेला लावली. "जरा आंबट ठेवतोस तू."

"आमचं गिऱ्हाईक तसंच मागतं, काकू."

आमच्या डब्यातले तांदूळ-गूळ त्यानं ताटात काढून घेतले आणि डबा काठोकाठ भरून दिला. मी आभार मानायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, "विरजणाचे आभार मानत नाहीत. पहिली टाकी झाली की त्यातलं थोडं ह्याला आणून द्यायचं, झालं."

तीन आठवड्यांनी पहिली टाकी झाली. आईनं करंगळी लावली आणि नुसती मान हलवली. आण्णा त्या दिवशी अख्खा ग्लास प्याले आणि दुपारी चारपर्यंत झोपले. मी थोडं विरजण घेऊन 'अंगणा'त गेले, ते आजतागायत जातेय. पुढं इचलकरंजीच्या एका जोडप्यानं मागितलं, त्यांना दिलं. कराडच्या एका बाईंना दिलं. आता ते सहा घरांत आहे. कुणाची आंबट, कुणाची गुळमट, पण मागून साल तीच.

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मोरीजवळ मी पुन्हा वेगळा स्विच बसवून घेतला, तो कुणी बंद करत नाही. आण्णा आता शहाऐंशीचे आहेत. पेटीपर्यंत चालत यायला त्यांना वेळ लागतो, पण खंडेनवमीला स्विच तेच ओढतात. गेल्या वर्षीही कुंकू लावलं, फूल चिकटवायला गेले, ते पडलं. मग स्विचवर हात ठेवून माझ्याकडं वळले.

"वैजू, सगळं ह्या एकाच पेटीत नाही न्हवं?"

"नाही आण्णा. थोडं बजरंगाकडं आहे."

"मग करू बंद?"

"करा की," मी म्हणाले.